आरसा हलत नाही, मग प्रकाश कुठे जातो?

प्रश्न : सोनीचा ए७७ कॅमेरा सेकंडहँड मिळतो आहे. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे आहेत. त्यातल्या अर्धपारदर्शक आरशामुळे फोटो खराब येतात का? घेताना काय तपासू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : साध्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, दर फोटोला आरसा वर उचलला जातो आणि तेवढा वेळ फोकसचा सेन्सर आंधळा होतो. सोनीने २०१० मध्ये ए३३ आणि ए५५ हे कॅमेरे आणले, त्यांत आरसा जागचा हलत नाही. पातळ पडद्यासारखा हा आरसा सुमारे ७० टक्के प्रकाश मुख्य सेन्सरकडे सोडतो आणि उरलेला वर फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. त्यामुळे फोकस अखंड चालू राहतो. ए७७ सेकंदाला १२ फोटो काढतो तो याच जोरावर. कल्पना मात्र सोनीची नव्हे. कॅननच्या पेलिक्समध्ये १९६५ सालीच असा आरसा होता.

किंमत मोजावी लागते ती अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). फोटो काळोखा येत नाही, कारण कॅमेरा ती तूट आतल्या आत भरून काढतो. पण दाणे वाढतात. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ला दिसणारे दाणे बिनआरशाच्या त्याच सेन्सरवर साधारण २३०० ला दिसतील तेवढे असतात. सकाळच्या उन्हात, १/१६०० शटरला हे जाणवणार नाही. ढगाळ संध्याकाळी जाणवेल.

खरी अडचण व्ह्यूफाइंडरची आहे. तो इलेक्ट्रॉनिक आहे आणि सर्वाधिक वेगाने फोटो घेताना समोरचा पक्षी न दाखवता नुकताच काढलेला फोटो दाखवतो. थवा वळला की तो फ्रेमबाहेर गेल्याचे उशिरा कळते. म्हणून बटण दाबून धरू नका. चार-पाच फोटोंचे छोटे झटके घ्या.

घेताना लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चने आरसा तिरका पाहा. सुरकुती, ओरखडा किंवा बोटाचा ठसा दिसला तर सौदा सोडा. मग ५० मिमी लेन्स पूर्ण उघडून, तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्रावर ऑटोफोकसने पाच फोटो घ्या आणि आणखी पाच, चित्र मोठे करून दाखवणारा कॅमेऱ्यातला मॅग्निफायर लावून, हाताने फोकस करून. दोन्ही प्रकारांतला फरक दर वेळी तेवढाच असेल तर ए७७ मधल्या एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटने (ऑटोफोकस किंचित मागेपुढे सरकवण्याच्या सोयीने) तो निघतो. (त्याच्या धाकट्या भावात, ए६५ मध्ये, ही सोय नाही.) फरक दर फोटोला बदलत असेल, तर आरसा नीट बसलेला नसण्याची किंवा मळलेला असण्याची शक्यता आहे. तो कॅमेरा घेऊ नका.

प्रश्न : अशाच अर्धपारदर्शक आरशाच्या कॅमेऱ्याने पाम बीच रोडवर रात्री फोटो काढले की प्रत्येक दिव्याशेजारी एक फिकट दिवा दिसतो. लेन्स बिघडली का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी यूव्ही फिल्टर काढा. फिल्टरमुळे पडलेली प्रतिमा फ्रेमच्या मध्यापलीकडे, उलट्या बाजूला दिसते. आरशामुळे पडलेली प्रतिमा दिव्याला चिकटून, सगळ्या दिव्यांना एकाच दिशेला असते. पडदा तिरका असतो आणि त्याच्या दोन पृष्ठभागांत प्रकाश उसळतो, म्हणून हे होते. खात्रीसाठी कॅमेरा उभा धरा. फिकट दिव्याची दिशाही कॅमेऱ्याबरोबर फिरली तर दोष आरशाचा.

हा दोष घालवता येत नाही, कमी करता येतो. एक्स्पोजर १ स्टॉपने उतरवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या उचला. दिवे पूर्ण पांढरे पडले की त्यांच्या मानाने फिकट प्रतिमा जास्त उठून दिसते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर आरशावर धूळ आणि डाग दिसतात. लेन्स क्लीनरने पुसू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : अजिबात नको. द्रव, कापूस, इअरबड, फुंकर, यांतले काहीही नको; पडदा सुरकुतला की नवा बसवण्याशिवाय इलाज नाही. बॅटरी पूर्ण भरून मेनूतला क्लीनिंग मोड चालवा, कॅमेरा बंद करा, लेन्स काढा आणि तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. डब्यातला दाबलेला गॅस वापरू नका. बोट आरशाला न लावता, चौकटीच्या कळीने आरसा वर उचलून मागच्या सेन्सरवरही हवा मारा आणि आरसा हळू खाली आणून नीट बसवा.

आरशावरची बारीक धूळ फोटोत ठिपका होऊन दिसत नाही, कारण आरसा सेन्सरच्या बराच पुढे असतो. एफ/१६ ला (लेन्सचे छिद्र लहान करून) मोकळ्या आभाळाच्या फोटोत ठळक ठिपके आले तर ते सेन्सरवरचे. डाग चिकट असतील तर सर्व्हिस सेंटर गाठा.

जपायचे तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर थंड लेन्सवर आणि आरशावर दव धरते.

प्रश्न : मिनोल्टाची जुनी ५० मिमी एफ/१.७ ऑटोफोकस लेन्स सोनीच्या बिनआरशाच्या ए७ III वर लावून गडकरी रंगायतनमध्ये प्रयोगाचे फोटो काढायचे आहेत. कोणता अ‍ॅडॅप्टर?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : या लेन्समध्ये मोटर नाही, ती कॅमेऱ्याच्या स्क्रूने फिरते. सोनीच्या एलए-ईए४ अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर आहे आणि असाच आरसाही आहे, म्हणजे ऑटोफोकस मिळेल, पण मंद रंगमंचावर प्रकाश जाईल. त्याचे १५ फोकस बिंदूही फ्रेमच्या मध्याशी दाटलेले असतात. एलए-ईए५ मध्ये आरसा नाही, मात्र त्याची मोटर ए७ III वर चालत नाही. तिला ए७आर IV, ए७ IV यांसारख्या बॉडी लागतात. नट एका जागी उभा राहून बोलतो अशा प्रसंगांना ईए५ लावून पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीच्या) मदतीने हाताने फोकस करणे आम्हाला सरस वाटते. प्रयोगात धावपळ जास्त असेल तर ईए४ घ्या. दोन्ही बाबतीत नाट्यसंस्थेची परवानगी आधी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा.