डाव्या कोपऱ्यातला हात

प्रिय,

तुझा पेनड्राइव्ह पाहिला. दोनदा. दादरच्या फुलबाजाराचे ४१२ फोटो आणि सोबत चिठ्ठी: "काका, बारा निवडायचेत. सगळेच बरे वाटतात. म्हणजे एकही चांगला नाही का?" त्या चिठ्ठीने माझी रात्र खाल्ली. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मी चिडतो हे तुला माहीत आहे.

यातले साठ-सत्तर तू क्रॉप केलेस. का? १८७ नंबरचा घे. झेंडूचं गाठोडं डोक्यावर घेतलेला हमाल, मागे ताडपत्री, तिच्यातून गाळून आलेला निळसर उजेड. दोन्ही बाजू छाटून तू नुसता चेहरा ठेवलास. सुरकुत्या, घाम, डोळे. अगं, असे चेहरे प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर पडलेत. मूळ फाइल उघड आणि उजवी कडा बघ. वेण्या ओवणारी बाई दातांनी दोरा तोडतेय आणि तिचा कोपर गाठोड्याच्या बरोबर खाली आलाय. ओझं तिनंच पेलल्यासारखं दिसतंय. फोटो तिथे होता. तूच काढलास आणि तूच फेकलास.

कडा बघ. चेहरा डोळ्याला आपोआप सापडतो, त्यासाठी फोटोग्राफर लागत नाही.

आणि हे घरी लॅपटॉपसमोर करायचं काम नव्हे, बाजारातच करायचं. तुझा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, लेन्स ३५ मिलिमीटरची. एफ ८ लाव, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक कर, फोकस अडीच मीटरवर ठेव आणि विसरून जा. पावणेदोनपासून जवळजवळ पाच मीटरपर्यंत चालण्यासारखं स्पष्ट येतं. पहाटे उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढव, फोटोत दाणे आले तर येऊ देत. फोकसची कटकट संपली की डोळा मोकळा होतो. मग आधी रिकामी चौकट लाव: खांब कुठे उभा आहे, ताडपत्री कुठे संपते, टोपल्यांची रांग कुठे तुटते. माणसं येतीलच, दादरला माणसांचा काय तोटा! अर्धं पाऊल डावीकडे सरकलीस तरी कुणाच्या डोक्यातून उगवलेला खांब बाजूला होतो. तुझ्या निम्म्या फोटोंत घोट्यापाशी तुटलेले पाय आहेत, कारण तू चेहऱ्याकडे बघत होतीस.

मी हे एवढं का लावून धरलंय, ते सांगतो.

१९९१ साली लालबागला एका गिरणीच्या गेटबाहेर पगाराच्या दिवशी उभा होतो. तेव्हा शंभर फुटी डब्यातून फिल्म कापून कॅसेटमध्ये भरायचो. एका डब्यात छत्तीसचे अठरा-एकोणीस रोल निघायचे, त्यामुळे प्रत्येक क्लिक मोजून. जेवणाचा डबा हातात धरून बाहेर पडणारा एक कामगार मिळाला. चेहरा सुरेख. डाव्या कोपऱ्यात मनगटापर्यंत एका बाईचा हात आला होता, बांगड्या भरलेला, तळवा वर. मला ती चूक वाटली. रात्री न्हाणीघरात एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, लावला, कागद धरणाऱ्या ईझलची पाती आत सरकवली आणि तो हात कापून टाकला. एका साप्ताहिकात छापून आला. चाळीत पेढे वाटले.

दहा-बारा वर्षांनी काँटॅक्ट शीट, म्हणजे रोलच्या सगळ्या चौकटी मूळ आकारात छापलेला कागद, भिंगाखाली धरली तेव्हा मला तो तळवा दिसला. पगाराचा दिवस, पुढे आलेला हात. चेहऱ्यावर जे मी "थकवा" म्हणून मिरवत होतो, ते त्या हाताला दिलेलं उत्तर होतं. पुन्हा प्रिंट करू म्हणत राहिलो. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यावरची निगेटिव्हची ट्रंक पाण्याखाली गेली, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. आता तो हात फक्त काँटॅक्ट शीटवर आहे, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, आणि त्यावरून माझीच लाल पेन्सिल गेलेली आहे.

तेव्हापासून मी क्रॉप करत नाही. पुढे एका मासिकाला कव्हरसाठी माझा आडवा फोटो उभा कापून हवा होता. दिला नाही. घरी दोन महिने बोलणी खाल्ली. पैशांची गरज होतीच. पण बरोबर केलं मी. मित्र लगेच फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतात: १९३२ चा, डबक्यावरून उडी मारणारा माणूस, तोही कापलेलाच आहे ना? आहे. त्याला कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून लेन्स घालावी लागली होती. तुला फुलबाजारात कोणतं कुंपण आडवं आलं?

आता निवड. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक १९५५ ते ५७ अमेरिकाभर फिरला, ७६७ रोल, सत्तावीस हजारांवर फ्रेम. त्याच्या पुस्तकात गेले ८३. त्या हिशेबाने ४१२ मधून तुझ्या वाट्याला एक येतो, सव्वा म्हण. बारा ही चैन आहे. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड रोल मुद्दाम उशिरा धुवायचा, काढतानाची मजा फोटोला चिकटू नये म्हणून. (१९८४ मध्ये गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. इतकं ताणू नकोस.) तू त्याच संध्याकाळी निवडायला बसलीस. त्या हमालाने तुला हसून वाट दिली, ते तुझ्या लक्षात आहे. फोटोत ते कुठेही नाही.

मुदत तीन आठवड्यांची आहे ना? मग दोन आठवडे पेनड्राइव्हला हात लावू नकोस. नंतर लॅबमधून चार बाय सहाचे साधे प्रिंट आण, जमिनीवर पसर, सगळे उलटे ठेव. वरचं डोकं खाली. उलट्या फोटोत चेहरे चेहरे राहत नाहीत, कडा बोलायला लागतात. जिथे कडेवरून काही आत ओढलं जातंय तेवढेच उचल. सात निघाले तर सात दे. बारा हवेत म्हणून पाच भरताड भरू नकोस.

दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी ये, प्रिंट घेऊन. १८७ मूळ हवा, कापलेला आणलास तर दारातूनच परत पाठवीन. भिंग आणि ती शीट मी काढून ठेवतो.

काका