रोजगार मेळाव्यात काय विचारावे?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी महाविद्यालयात झालेल्या रोजगार मेळाव्यात मी जवळजवळ प्रत्येक टेबलावर बायोडेटा दिला, पण कोणाचाही फोन आला नाही. यंदाच्या मेळाव्याला जावे की तो दिवस अभ्यासाला द्यावा?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अवश्य जा. गेल्या वर्षी तुम्ही दुसऱ्या वर्षाला होता आणि कंपन्या प्रामुख्याने लगेच रुजू होऊ शकणारे उमेदवार शोधत असतात, त्यामुळे फोन न येण्यावरून स्वतःची पात्रता ठरवू नका. मात्र सगळीकडे बायोडेटा देत फिरण्याची पद्धत या वेळी सोडा. येणाऱ्या कंपन्यांची यादी प्लेसमेंट विभागाकडून आधी मिळवा आणि रसायनशास्त्राचे पदवीधर घेणाऱ्या चार-पाचच निवडा.

कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम किंवा तारापूर येथील औषध व रसायन कारखान्यांत तुमच्या पदवीला मुख्यतः दोन विभागांत वाव असतो : उत्पादन आणि गुणवत्ता नियंत्रण. दोन्हींचे काम वेगळे आहे, म्हणून कोणत्या विभागासाठी भरती आहे हे आधी विचारा. प्रयोगशाळेत टायट्रेशन, पीएच-मापन, द्रावणे तयार करणे असे जे तुम्ही स्वतः केले असेल, ते बायोडेटात पहिल्या काही ओळींतच लिहा. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे प्रत्येकाच्याच बायोडेटात असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मेळाव्यात प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे आणि आपली मुले-मुली तो संकोचापोटी सोडून देतात याचे मला फार वाईट वाटते. नेमणूकपत्र कंपनीच्या नावाने निघणार की ठेकेदाराच्या, हे स्पष्ट विचारा, कारण टेबलावर मोठ्या कंपनीचा फलक असला तरी प्रत्यक्ष भरती मनुष्यबळ पुरवणारी संस्था करत असू शकते. पद कायम आहे, ट्रेनीचे आहे की अप्रेंटिसचे, हेही विचारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळते, पण मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी नसते. तरीही चांगल्या प्रयोगशाळेत एक वर्ष शिकायला मिळत असेल, तर माझ्या मते ती संधी नाकारू नये. फक्त ती डोळे उघडे ठेवून स्वीकारावी.

पगाराचा वार्षिक आकडा सांगितला गेला, तर दरमहा हातात किती येईल ते विचारा, कारण त्या आकड्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीही बहुधा धरलेला असतो आणि शिवाय तुमचा स्वतःचा हिस्साही पगारातून कापला जातो. शिफ्ट, रात्रपाळीतील ने-आणीची सोय, राहण्याची व्यवस्था आणि बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत यांची उत्तरे वहीत टिपून ठेवा.

नोंदणीसाठी किंवा नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, अथवा मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितली, तर तिथेच नकार द्या आणि प्राध्यापकांना कळवा. मूळ कागद दाखवायचे असतात, हाती द्यायच्या त्यांच्या प्रती. ज्यांच्याशी नीट बोलणे झाले, त्यांचा ईमेल पत्ता घेऊन दुसऱ्याच दिवशी पदाच्या उल्लेखासह बायोडेटा पाठवा आणि आठवडाभरात उत्तर आले नाही, तर प्लेसमेंट विभागामार्फत चौकशी करा.