आधी सांग, तू ऐकलेली रेकॉर्ड कुठली?

अरे, तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला, दुपारी परत एकदा वाचला, आणि आता ऑफिसमधून आल्यावर निवांत लिहायला बसलेय, कारण हे फोनवर दोन मिनिटांत सांगून होणारं नाही. परवा मित्राच्या गच्चीवर तुमचं जे जुंपलं, सत्तरच्या दशकातल्या लंडनच्या दोन पंक रॉक बँडपैकी क्लॅशचा पहिला अल्बम भारी की सेक्स पिस्टल्सचा 'नेव्हर माइंड द बोलॉक्स', त्यात तू जिंकलास असं लिहिलंयस. आणि तो धाकटा, जो म्हणाला की एक्स-रे स्पेक्स या तिसऱ्या पंक बँडचा सॅक्सोफोन कानात घुसतो, त्याला तू "तुला पंक कळतच नाही" असं म्हणालास आणि तो अर्ध्यातून उठून घरी गेला, हेही लिहिलंयस, पण एका ओळीत आणि घाईघाईत. त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहितेय. पुढच्या वेळी सगळ्यांची तोंडं बंद होतील असे मुद्दे दे म्हणालास. मुद्दे देते, भरपूर देते, पण तोंडं बंद करायला नाही.

आधी माझी एक गोष्ट ऐक. १९९४ साल, मी पुण्यात हॉस्टेलला. एका सीनिअरच्या मामेभावाने अमेरिकेतून कॅसेट आणल्या होत्या, त्यावरून आम्ही कॉपी करून घेतली, टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला क्लॅशचा पहिला अल्बम, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा पहिला. लेबलवर निळ्या बॉलपेनने नावं. ती मी इतकी वाजवली की एका जागी टेप चुरगळली आणि तिथे आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा, आजही ते गाणं कुठे लागलं की माझा कान बरोब्बर त्या जागी तो बुडालेला आवाज शोधतो. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं गाणं 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले'. दोन वर्षांनी एक मैत्रीण मला म्हणाली की हे गाणं त्या अल्बममध्ये नाहीच. मी म्हटलं मला पाठ आहे गं ती बाजू, क्रमाने म्हणून दाखवू का. ती म्हणाली माझ्या काकांनी लंडनहून आणलेली एलपी घरात आहे, कव्हर दाखवू का. आवाज चढले, मी तिला खोटारडी म्हणाले, आणि आम्ही सहा महिने एकमेकींशी बोललो नाही.

आम्ही दोघीही खरं बोलत होतो. इंग्लंडमधला अल्बम सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने ८ एप्रिल १९७७ ला काढला, चौदा गाणी. अमेरिकेत त्यांच्याच लोकांना तो कच्चा वाटला म्हणून तेव्हा काढलाच नाही, तरी तिकडच्या पोरांनी इम्पोर्टच्या लाखाच्या वर कॉपी विकत घेतल्या, आणि मग १९७९ मध्ये काढला तो वेगळाच करून. 'डिनाय', 'चीट', 'प्रोटेक्स ब्लू', '४८ अवर्स' ही चार गाणी उडवली, 'व्हाइट रायट'चं दुसरं रेकॉर्डिंग घातलं आणि मधल्या दोन वर्षांतली सिंगल्स, म्हणजे सुटी निघालेली गाणी, आणून बसवली. माझी कॅसेट ती होती. आता यातली गंमत बघ, 'व्हाइट मॅन' हे गाणं जून १९७८ चं, म्हणजे मी जे छाती ठोकून सांगत होते ना, की पहिल्याच अल्बममध्ये ही पोरं रेगे या जमैकन संगीताबद्दल आणि गोऱ्या-काळ्यांच्या प्रश्नाबद्दल किती समजूतदारपणे लिहितायत, ती समजूत त्यांना आली होती चौदा महिन्यांनंतर. एप्रिल ७७ चा बँड वेगळा होता, तीन वीकएंडमध्ये रेकॉर्डिंग उरकलेला, साधारण चार हजार पौंडात, रागावलेला, अंगावर येणारा. माझं कौतुक खरं होतं, फक्त ते चुकीच्या रेकॉर्डच्या पदरात पडलं होतं.

म्हणून वादाला बसलास की पहिला प्रश्न हा विचार, तू ऐकलेली रेकॉर्ड नेमकी कुठली? कुठल्या देशातली, कुठल्या सालची, एलपी की सीडी की फोनवर? हे कीस पाडणं वाटेल तुला, पण या काळातल्या रेकॉर्ड्सच्या बाबतीत निम्मे वाद इथेच मिटतात. 'बोलॉक्स' घे. २८ ऑक्टोबर १९७७ ला आला तेव्हा इंग्लंडमधल्या पहिल्या काही कॉपींवर अकराच गाणी होती, 'सबमिशन' त्यात वेगळ्या छोट्या सिंगलवर घालून दिलेलं, नंतरच्या कॉपींवर बारा झाली. आणि त्याच्या थोडं आधी 'स्पंक' नावाची चोरटी रेकॉर्ड बाजारात फिरत होती, डेव्ह गुडमन यांनी रेकॉर्ड केलेल्या डेमोंची, ज्यावर तीच गाणी जास्त मोकळी, जास्त उघडीवाघडी ऐकू येतात. तुझा मित्र म्हणाला ना की पिस्टल्स म्हणजे एकदम रॉ, आणि तू म्हणालास की छे, तो अल्बम स्टुडिओत घासूनपुसून केलेला आहे, तर विचार त्याला, कदाचित तो 'स्पंक' ऐकून बोलत असेल.

आणि तुझा तो घासूनपुसूनचा मुद्दा खरा आहे पण तू तो शिवीसारखा वापरलास. क्रिस थॉमस हा प्रोड्यूसर, पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या मिक्सिंगला बसलेला माणूस, आणि इकडे पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन फ्लॉइडच्या नावाआधी 'आय हेट' लिहिलेला टी-शर्ट घालून फिरायचा. त्यांचा गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सने गिटारचे थरावर थर चढवले, बेसही बहुतेक त्यानेच वाजवला, बँडचा बेसिस्ट सिड व्हिशस त्या अल्बमवर जवळपास नाहीच, आणि 'अनार्की इन द यूके'वरचा बेस आधीच्या ग्लेन मॅटलॉकचा. हे सगळं सांगून तू त्या मित्राला गप्प केलंस, पण ते थर कानाला काय करतात हे सांगितलंच नाहीस. 'हॉलिडेज इन द सन' लाव, सुरुवातीला बुटांचा कवायतीचा आवाज येतो, मग गिटार येते ती भिंत सरकत यावी तशी, आणि त्या भिंतीवर रॉटनचा आवाज नखं ओढल्यासारखा चालतो. भिंत इतकी गुळगुळीत नसती तर नखं ऐकू आली असती का? मला वाटतं नसती आली. तुला उलट वाटेल, वाटू दे, पण मग तुला कुठल्या सेकंदाला काय खटकलं ते बोट ठेवून सांग.

हार्टब्रेकर्स बँडचा 'एल.ए.एम.एफ.' अल्बम तर या बाबतीत डोकं भंजाळून टाकतो. ऑक्टोबर १९७७ चाच. जॉनी थंडर्स आणि जेरी नोलन, दोघे न्यूयॉर्क डॉल्स या बँडमधून आलेले, गाणी एकाहून एक, आणि रेकॉर्डचा आवाज इतका गढूळ की नोलन त्या पायी बँड सोडून गेला. पुढे १९८४ मध्ये तो परत मिक्स करून निघाला, १९९४ मध्ये जुन्या मिक्सेसमधून निवडून अजून एक निघाला. आता कुणी म्हणालं की हा अल्बम फालतू आहे आणि कुणी म्हणालं की हा त्या वर्षीचा सर्वोत्तम आहे, तर दोघांना एका पारड्यात कसं घालणार तू?

आता त्या धाकट्याकडे येते. त्याने काय म्हटलं, सॅक्सोफोन कानात घुसतो. अरे, हे तुमच्या अख्ख्या संध्याकाळीतलं एकमेव वाक्य होतं जे प्रत्यक्ष ऐकून आलेलं होतं! बाकी तुम्ही सगळे कुठल्या यादीत कोण कितवा हेच बोलत होतात. तो सॅक्स घुसायलाच ठेवलाय. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन, आई ब्रिटिश, वडील सोमालियाचे, दातांना तारा लावलेली विशीतली पोरगी, प्लॅस्टिक, सुपरमार्केट, जंतुनाशकं, जाहिराती यांच्यावर गाणी लिहीत होती, आणि सगळीकडे गिटारच गिटार असताना तिने सॅक्स ठेवला, तो हॉर्नसारखा मधे येतो, तिच्या आवाजाशी भांडतो. आणि पुन्हा तोच प्रश्न, कुठला सॅक्स? १९७७ चं सिंगल 'ओ बाँडेज अप युअर्स' त्यावर लोरा लॉजिक आहे, तेव्हा अगदी शाळकरी वयाची, तिचं वाजवणं सैल, वाकडंतिकडं. नोव्हेंबर १९७८ ला 'जर्मफ्री अडॉलसन्ट्स' अल्बम आला तोवर तिला बँडमधून काढलं होतं, त्यावर रूडी थॉमसन वाजवतो, जास्त आखीवरेखीव. ते सिंगल मूळच्या ब्रिटिश एलपीवर नव्हतंच, नंतरच्या सीडींवर जोडलंय. त्या पोराला कुठला टोचला, लोराचा की रूडीचा, हे तू विचारलं असतंस तर तुला स्वतःलाच काहीतरी नवीन सापडलं असतं. मला अजून ठरवता आलेलं नाही की मला कुठला जास्त आवडतो, सकाळी एक वाटतं, रात्री दुसरं.

ऐकण्याचा एक प्रयोग देते, आजच करून बघ. रमोन्सचा पहिला, एप्रिल १९७६, चौदा गाणी एकोणतीस मिनिटांत, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या स्टुडिओत सुमारे सहा हजार चारशे डॉलरमध्ये केलेला. वायरचे हेडफोन घाल आणि एक कान काढ. गिटार गायब. दुसरा काढ, आता बेस गायब. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टीरिओ रेकॉर्ड्ससारखं मुद्दाम वाटून ठेवलंय. नुसता गिटारचा कान ऐकत बस एक पूर्ण बाजू, सोलो नाही, आलाप नाही, हात फक्त वरून खाली, वरून खाली, आणि मग तुला कळेल की "तीन कॉर्ड कुणीही वाजवेल" असं म्हणणाऱ्याने ते दोन मिनिटं सलग वाजवून बघितलेलं नसतं. माझं मनगट चाळीस सेकंदात भरून आलं होतं.

तीन कॉर्डवरून आठवलं, ते प्रसिद्ध चित्र, ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा, ते तू 'स्निफिन ग्लू' या फॅनझीनचं, म्हणजे चाहत्याने घरच्या घरी काढलेल्या अंकाचं, म्हणून सांगितलंस. ते 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या फॅनझीनमधलं, जानेवारी १९७७ चं. चूक अगदी कॉमन आहे, सगळे तेच सांगतात, पण तू दुसऱ्यांच्या चुका काढायला निघाला होतास म्हणून सांगितलं. 'स्निफिन ग्लू' मात्र जरूर शोधून वाच, मार्क पेरी हा बँकेत क्लार्क होता, जुलै १९७६ ला टाइपरायटर आणि स्केचपेन घेऊन त्याने पहिला अंक काढला, झेरॉक्स, स्टेपल, संपलं. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं निघत होती ना, अशोक शहाणे, राजा ढाले वगैरे मंडळींची, मला ती पानं आणि ही पानं एकाच घरातली वाटतात, शाई हाताला लागणारी.

क्लॅशने सीबीएसशी करार केला, जानेवारी १९७७, एक लाख पौंड, त्या दिवशी पंक मेलं असं पेरीच म्हणाला होता. हा मुद्दा तुझ्यावर उलटवला जाणार, तयार राहा. याला उत्तर द्यायला 'पोलीस अँड थीव्ह्ज' लाव. ज्युनिअर मर्विनचं जमैकन गाणं, लंडनच्या रॉक्सी क्लबात डॉन लेट्स हा डीजे रेगेच लावायचा कारण पंकच्या रेकॉर्ड्सच अजून फारशा निघाल्या नव्हत्या, तिथली हवा त्या गाण्यात आहे. दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांमध्ये हे एक सहा मिनिटांचं, एक गिटार ठोक्यावर पडते आणि दुसरी ठोक्यांच्या मधे, नक्कल न करता दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावं तसं. आणि मूळ गाणं केलेले ली पेरी पुढे त्याच बँडचं 'कम्प्लीट कंट्रोल' प्रोड्यूस करायला आले, जे गाणं आहेच मुळी कंपनीने न विचारता सिंगल काढलं त्याच्या रागावर. विकले गेले की नाही हे तू यावरून ठरव, मी माझं ठरवलंय, मला तो पहिला अल्बम, चौदा गाण्यांचा ब्रिटिश, 'बोलॉक्स'पेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात दार उघडं आहे आणि 'बोलॉक्स'मध्ये दार आपटलेलं आहे. पण दार आपटल्याचा आवाज 'बोलॉक्स'सारखा दुसऱ्या कुणाला काढता आला नाही, हेही मी मान्य करते.

कोण पहिलं या वादात जास्त वेळ घालवू नकोस. ब्रिटनमधलं पहिलं पंक सिंगल डॅम्ड या बँडचं, ऑक्टोबर १९७६, पहिला अल्बमही त्यांचाच, फेब्रुवारी १९७७, आणि त्या सिंगलच्याही महिनाभर आधी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या सेंट्स या बँडने स्वतःच्या पैशाने सिंगल काढलं होतं. झालं, एवढंच. विक्रीचे आकडेही नकोत, रमोन्सचा तो अल्बम अमेरिकेत एकशे अकराव्या नंबरच्या वर गेला नाही.

तर आता असं कर. त्या धाकट्याला फोन कर, मेसेज नको, फोन. तुझं चुकलं असं सरळ म्हण आणि मग विचार की सॅक्स कुठल्या गाण्यात टोचला. माझ्या त्या मैत्रिणीला मी फोन करायला सहा महिने लावले, आणि तिने पहिलं वाक्य काय म्हटलं माहितेय, "तुझ्या कॅसेटवर 'चीट' नाहीये का गं, अरेरे." दुसऱ्या दिवशी ती एलपी घेऊन हॉस्टेलला आली. वाजवायला काहीच नव्हतं, तर आम्ही नुसतं कव्हर मांडीवर घेऊन गाण्यांची नावं वाचत बसलो.

रविवारी दोघं या, चारनंतर. कॅसेट प्लेअरचा बेल्ट बदलून आणलाय, आणि ती नव्वदची कॅसेट अजून चालते, चुरगळलेल्या जागेसकट. त्याला आधी निवडू दे काय लावायचं ते.