मार्क्सचं ‘भांडवल’ हाती घेण्याआधी

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नकोस. वस्तू आणि मूल्याच्या त्या चर्चेत भलेभले अडकतात. मीही दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं. १८६७ च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरचं प्रकरण आहे, तिथून शिर. इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांचे अहवाल, रात्रभर राबणारे बेकरी कामगार... वरकड मूल्य, म्हणजे कामगार मजुरीपेक्षा जास्त निर्माण करतो आणि मालक घेतो ते मूल्य, तिथं दिसायला लागतं.

मग मुंबईच्या गिरणगावात ये. १९२८ च्या संपात कम्युनिस्ट आघाडीवर होते. पण विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडानं ओढावा लागे. आंबेडकरांनी हा प्रश्न तेव्हाच मांडला. वर्गाची व्याख्या पाठ करण्याआधी तो धोटा डोळ्यांसमोर आण. मार्क्स-एंगल्सचा १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा? तो एका बैठकीत संपतो, कधीही वाच.