खारातल्या भाज्यांना लोणचं म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘मी घरी छंद म्हणून गाजर, काकडी, कोबी, मुळा अशा भाज्या मिठाच्या पाण्यात, कधी व्हिनेगरमध्ये ठेवते. तेल नाही, मसाला नाही. याला मराठीत काय म्हणायचं? लोणचं म्हटलं की घरचे विचारतात, तेल कुठंय? आंबवलेल्या भाज्या म्हटलं की नाकं मुरडतात. पिकल म्हणणं मला पटत नाही. आणि क्रियापद कोणतं वापरू? खारवणं, आंबवणं की मुरवणं?’

लोणचं म्हणा, निःशंकपणे म्हणा. या शब्दावर तेलाचा हक्क कधीच नव्हता, मिठाचा आहे. संस्कृत ‘लवण’ प्राकृतातून मराठीत आलं ते ‘लोण’ होऊन, आणि ‘लोणचं’ त्या लोणापासूनच घडलं. सुटा ‘लोण’ आता मिठाच्या अर्थानं कुणी वापरत नाही, पण जोडशब्दांत तो अजून जिवंत आहे. दृष्ट काढताना आपण लिंबलोण उतरवतो, म्हणजे कडुलिंबाचा पाला आणि मीठ. मीठ नसलेली भाजी आळणी, म्हणजे अ-लवण. ‘लावण्य’सुद्धा याच घरातलं, संस्कृतात त्याचा मूळ अर्थ खारटपणा, आणि त्यावरून रूपातली गोडी. लोणी मात्र यांच्या नात्यातलं नाही. ते ‘नवनीता’तून आलं, आणि आवाजातलं साम्य योगायोगाचं आहे. लोणकढं तूप लोण्याचं, मिठाचं नव्हे.

मग आपण रोज जे वापरतो त्याला ‘मीठ’ का म्हणतो? तो शब्द ‘मिष्ट’च्या कुळातला, म्हणजे गोड, रुचकर. जेवणाला रुची आणणारं ते मीठ. गुजरातीत ‘मीठुं’ आजही गोड आणि मीठ अशा दोन्ही अर्थांनी चालतं. मराठीत या नव्या शब्दानं ‘लोण’ला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, आणि म्हणूनच ‘लोणचं’ या शब्दात दडलेलं मीठ आपल्याला ऐकू येईनासं झालं. तुमच्या घरच्यांच्या गोंधळाचं मूळ मला इथं दिसतं.

दुसरं कारण कैरी. वर्षाची बेगमी म्हणून घरोघरी लोणचं पडतं ते कैरीचं, त्यावर तेलाचा थर हवाच, आणि तेच रूप आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पण त्या बरणीतसुद्धा टिकवण्याचं काम मुख्यतः मीठ आणि कैरीचा आंबटपणा करतात. तेल हवा आत येऊ देत नाही आणि चव बांधून धरतं, इतकंच. बिनतेलाची लोणची आपल्याकडे काही आज आली नाहीत. उपवासाचं लिंबाचं लोणचं घ्या: लिंबू, मीठ, साखर, थोडं तिखट किंवा जिरं. तेलाचा थेंब नाही, तरी वर्षानुवर्षं टिकतं, काळं पडतं, आणि तापातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर वाढतात ते नेमकं तेच. त्याला लोणचं म्हणायला कुणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

कोकणात तर कैऱ्या सरळ मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि पावसात भाज्या मिळेनाशा झाल्या की काढून चटणीला वापरतात. खारातली कैरी, खारातल्या मिरच्या, खारातले आवळे ही नावं तिथं रोजची आहेत. गोव्यात कोवळ्या कैऱ्या, म्हणजे तोरां, मिठात घालून वर वजन ठेवून चेपतात, म्हणून ती चेपणीची तोरां. तुम्ही बरणीत भाजी खाली दाबून ठेवायला जे वजन वापरत असाल, त्या कृतीला कोकणीनं थेट नावातच जागा दिली आहे. मला हा शब्द फार आवडतो. किती नेमका आहे बघा: कैरी वर तरंगली की बुरा आलाच.

यातूनच तुमच्यासाठी सगळ्यात नेमकं नाव निघतं: खारातल्या भाज्या. खार म्हणजे मिठाचं पाणी, आणि लोणच्याला सुटलेला रससुद्धा. ‘नुसत्या खारालाच भाकरी लावून खाल्ली’ असं आपण म्हणतोच. मूळ संस्कृत ‘क्षार’. (एखाद्यावर खार खाणं यातला खार वेगळा, तो फारसी, अर्थ काटा.) नुसतं ‘लोणचं’ म्हटल्यावर ज्यांना तेल आठवतं, त्यांना ‘खारातली गाजरं’ म्हणून वाढा. कुणी तेल शोधणार नाही.

आता क्रियापदं. ही तिन्ही एकाच बरणीबद्दल बोलतात, पण तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून त्यांच्यातून एकच निवडायची गरज नाही.

खारवणं म्हणजे तुम्ही काय केलंत ते. मीठ लावलं किंवा मिठाच्या पाण्यात घातलं. खारवलेले काजू, खारवलेले मासे. कोबी बारीक चिरून त्याला मीठ चोळा, एक किलोला २० ग्रॅमच्या आसपास. थोड्याच वेळात परातीत पाणी साचायला लागतं. पाणी ओतलेलं नसतं, ते कोबीचंच असतं. मीठ ते ओढून बाहेर काढतं. याला आपण ‘पाणी सुटणं’ म्हणतो. गाजर-काकडीला असं पुरेसं पाणी सुटत नाही, म्हणून खार वेगळा करून ओतावा लागतो, लिटरभर पाण्याला ३० ते ५० ग्रॅम मीठ. चमच्यानं मोजू नका, तराजूवर तोला; खड्याचं मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखं मावत नाही. इथवर झालं ते खारवणं.

आंबवणं म्हणजे पुढे बरणीत आपोआप काय होतं ते. भाजीवर मुळातच असलेले जिवाणू तिच्यातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, दह्यात असतं तेच. मीठ त्यांना फारसं बाधत नाही, पण नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना बाधतं. खार गढूळ होतो, बुडबुडे येतात, झाकण उघडल्यावर फसफसतं. आपल्याकडच्या उकाड्यात हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसू लागतं. आम्लता मोजायची पट्टी असेल तर आकडा ४.६ च्या खाली उतरायला हवा, म्हणजे धोक्याचे जंतू वाढत नाहीत. तेव्हा शास्त्राच्या बाजूनं बघितलं तर तुमच्या मिठाच्या पाण्यातल्या भाज्यांसाठी ‘आंबवलेल्या’ हाच सर्वांत अचूक शब्द आहे. ‘आंबणं’ आलं आम्लातून. आंबट, आंबील हीही त्याच घरातली.

घरचे नाकं मुरडतात याचं कारण ‘आंबणं’ मराठीत बहुधा तक्रारीच्या सुरात येतं. सकाळचा भात आंबला, दिवसभर राबून अंग आंबलं. पण इथं भाषेनं एक फार उपयोगी सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे तो मधला ‘व’. आंबलं ते आपोआप, आंबवलं ते जाणूनबुजून. आंबलेला भात टाकून देतात, आंबवलेल्या पिठाच्या इडल्या होतात. दूध नासलं तर हळहळ, आणि नासवलं तर त्याचं पनीर. त्या एका अक्षरात माणसाचा हेतू येतो. म्हणून ‘आंबलेल्या भाज्या’ कधीही म्हणू नका, ‘आंबवलेल्या’ म्हणा, आणि ‘व’ नीट ऐकू येऊ द्या.

मुरवणं हे तिसरं, आणि माझ्या मते मराठीतलं सगळ्यात देखणं क्रियापद. यात आंबटपणाचा काही संबंध नाही. आत शिरणं आणि आतच राहणं हा अर्थ आहे. पाऊस जमिनीत मुरतो, पाक गुलाबजामात मुरतो, दुखणं अंगात मुरतं, राजकारणात वर्षं काढलेला माणूस मुरलेला असतो. खरं तर मीठ भाजीत मुरतं, पण आपण म्हणतो लोणचं मुरलं, म्हणजे आता कोणतीही चव सुटी लागत नाही. हा शब्द काळ सांगतो. मीठ, व्हिनेगर, तेल, साखर, कशातही ठेवा, मुरवणं चालेल. त्याची ओढ इतकी की त्यानं परका शब्दसुद्धा आपलासा केला. अरबी ‘मुरब्बा’ मराठीत आला आणि त्यात लोकांना ‘मुरणं’ही ऐकू आलं, ‘आंबा’ही ऐकू आला, मग तो मुरांबा झाला, कुठे मोरांबा. आणि त्याच चालीवर साखरांबा, गुळांबा, मेथांबा असं सगळं गोत उभं राहिलं.

शेजारच्या भाषांनी या पदार्थाला नाव देताना काय पकडलं ते बघण्यासारखं आहे. कन्नड ‘उप्पिनकायि’ म्हणजे मिठातलं कच्चं फळ, अगदी आपल्या लोणच्यासारखाच विचार. तमिळ ‘ऊरुगाय’ आणि तेलुगू ‘ऊरगाय’ यांत ‘ऊरु’ म्हणजे भिजणं, मुरणं. गुजराती ‘अथाणुं’ हे ‘आथवुं’पासून, म्हणजे आंबवणं, मिठात आंबवलेल्या मिरच्यांना तिथं ‘आथेलां मरचां’ म्हणतात. तुमच्या छंदाला गुजरातीत आयतं क्रियापद आहे, याचा मला थोडा हेवा वाटतो. हिंदीनं फारसी ‘अचार’ घेतला. लांब गेलं तरी हेच: जर्मन ‘सावरक्राउट’ म्हणजे आंबट कोबी, ‘किमची’ ज्या जुन्या शब्दावरून आली त्याचा अर्थ बुडवलेली भाजी. कुणी मीठ पकडलं, कुणी मुरणं, कुणी आंबटपणा. मराठीत नाव मिठावरून आहे आणि बाकीचं क्रियापदांकडे सोपवलेलं आहे.

व्हिनेगरच्या भाज्यांचा विचार मात्र वेगळा करायला हवा. त्यांत आंबटपणा बाहेरून ओतलेला असतो, भाजी स्वतः आंबत नाही. त्यामुळे त्यांना ‘आंबवलेल्या’ म्हणणं चूक ठरेल. ‘मुरवलेल्या’ चालेल, लोणचं तर चालेलच. व्हिनेगरला मराठीत ‘शिरका’ हा जुना शब्द आहे, फारसी ‘सिर्का’वरून आलेला. ‘शिरक्यातला कांदा’ कानाला छान लागतं आणि मी ते वापरतो, पण दुकानात शिरका मागितला तर दोनदा सांगावं लागेल. व्हिनेगर म्हणालात तरी मराठीचं काही बिघडत नाही. गोव्यात तर माडाच्या सुरेपासून केलेला शिरका पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकात आहे, आणि त्याचं कोकणी नाव ‘विनाग्र’ पोर्तुगिजांकडून आलेलं. विंदालूमधलं ‘विं’देखील पोर्तुगीज वाईनवरून आहे.

‘पिकल’ तुम्हाला पटत नाही हे मला समजतं, आणि माझीही त्याला पसंती नाही. परका आहे म्हणून नव्हे. व्हिनेगर आणि किमची आपण घेतलेच की. अडचण अशी की मराठी कानाला त्यात ‘पिकलं’ ऐकू येतं, आणि लोणच्याला लागतं नेमकं उलटं, कच्चं आणि करकरीत. पिकलेल्या काकडीचं लोणचं लिबलिबीत होतं. मूळ डच शब्द ‘पेकल’, अर्थ खारं पाणी. म्हणजे इंग्रजांनी नाव घेतलं तेही खारावरूनच, आणि तो खार आपल्याकडे आयता आहे.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, पण तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचून सांगावीशी वाटते. तुम्ही भाज्या ‘ठेवते’ असं लिहिलंत. लोणचं मराठीत घालतात. भाजी करतात, आमटी करतात, पोळ्या करतात. पण लोणचं, पापड, सांडगे, कुरडया घालतात. आज हात लावायचा आणि फळ पुढे कधीतरी मिळायचं अशा कामांना हे क्रियापद लागतं. ‘जपून ठेवून काय लोणचं घालायचंय का?’ हा नेहमीचा टोमणाही त्यातूनच आला. तेव्हा बोलताना, सांगताना असं म्हणता येईल: ‘या रविवारी मुळ्याचं लोणचं घातलं’, ‘कोबी खारवून ठेवलाय, अजून आंबायचाय’, ‘गाजरं मुरली, दादरा सोडून बघ’. (दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं, आंबवताना तोच बरा, कारण वायू बाहेर पडायला वाट राहते. घट्ट झाकण लावत असाल तर रोज एकदा सैल करा.)

लिहिताना ‘लोणचे’ आणि बोलल्यासारखं लिहिताना ‘लोणचं’, दोन्ही बरोबर. अनेकवचन लोणची, सामान्यरूप लोणच्या-: लोणच्याचा खार, लोणच्यातली फोड. ‘लोणचंचा’ हे रूप हल्ली दिसतं, ते चूक. ‘खार’ पुल्लिंगी आहे: खार गढूळ झाला, खार कमी पडला. कमी पडला तर तेवढ्याच मिठाचा नवा करून भाजीवर बोटभर येईल इतका ओता. नुसतं पाणी घालू नका.