शीख वारशातून घडणारी आजची कला म्हणजे केवळ गुरूंची चित्रेच का?

आपण विचारले आहे की, शीख कला म्हटली की दिनदर्शिकेवरील गुरूंची चित्रेच आठवतात, तर या वारशातून आणि गुरुमुखी लिपीतून आज काही नवे घडते आहे का. निश्चितच घडते आहे, आणि ते समजून घेण्यासाठी गुरूंच्या चेहऱ्याऐवजी शबदापासून, म्हणजे वाणीतील पदापासून, सुरुवात करावी, असे माझे मत आहे. गुरू नानकांच्या ५०० व्या जयंतीच्या सुमारास, १९६९ मध्ये, सोभा सिंग यांनी काढलेले चित्र घरोघरी पोचले हे खरे. परंतु शीख श्रद्धेत गुरुपद आहे ते ‘गुरू ग्रंथ साहिब’ या धर्मग्रंथातील वाणीला, आणि त्या वाणीचा फार मोठा भाग रागांनुसार मांडलेला, गाण्यासाठीच रचलेला आहे.

म्हणूनच मला ग्लासगोच्या जसलीन कौर यांचे काम फार मोलाचे वाटते. तेथील ट्रॅमवे या कलाकेंद्रात २०२३ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी त्यांना २०२४ चा टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधील नामांकित कलापुरस्कार मिळाला. त्यात लाल रंगाची एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोटार उभी होती आणि तिच्यावर, आपल्याकडे टीव्हीवर घालतात तसा क्रोशाचा, पण अवाढव्य असा रुमाल पांघरलेला होता. वडिलांची पहिली मोटार आणि ब्रिटनच्या कापडगिरण्यांत राबलेले भारतीय स्थलांतरित, हे दोन्ही संदर्भ त्या एका मांडणीत एकवटले होते. शेजारी पेटीचा भाता यंत्राच्या साहाय्याने आपोआप हलत होता, आणि दालनातील ध्वनिरचनेत सूफी भक्तिसंगीतही होते. हे सूफी सूर तिथे उपरे नाहीत. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मर्दाना मुसलमान होते, आणि अमृतसरच्या हरिमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, मुसलमान रबाबी फाळणीपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत, कीर्तन करीत असत. ती परंपरा तुटल्याची जाणीव असल्याशिवाय हे मांडणीशिल्प पुरते उमगत नाही.

ब्रिटनमधीलच सिंग ट्विन्स, म्हणजे अमृत आणि रबिंद्र या जुळ्या बहिणी, लघुचित्रशैलीत काम करतात. महाविद्यालयात ही शैली कालबाह्य ठरवली गेली, तरी त्यांनी ती सोडली नाही. सुवर्णमंदिरावरील १९८४ च्या लष्करी कारवाईचे त्यांनी १९९८ मध्ये रंगवलेले चित्र अवश्य पाहावे, कारण नाजूक नक्षीकामाच्या त्या शैलीत रणगाडे आणि जीव वाचवण्यासाठी पळणारे यात्रेकरू आल्यामुळे प्रसंगाची दाहकता अधिकच जाणवते.

गुरुमुखी अक्षरांवर काम करणाऱ्यांत कॅनडातील कीरत कौर यांचे नाव मी घेईन. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या या कलावतीच्या कामात चित्र, अक्षर आणि गायन एकमेकांत मिसळतात. अशा अक्षरचित्रांकडे वळण्यापूर्वी जुन्या हस्तलिखितांतील ‘लडीवार’ लेखन पाहून घ्यावे. त्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, एका ओळीतली सगळी अक्षरे सलग असतात आणि कोणता शब्द कुठे संपतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, त्यामुळे दृष्टी प्रत्येक अक्षरावर थांबते.

मराठी वाचकाला या अभ्यासाची वाट जवळची आहे, कारण ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांची ६१ पदे आहेत. देवनागरी येणाऱ्याला गुरुमुखीची पस्तीस अक्षरे, म्हणजे ‘पैंती’, शिकणे अवघड जात नाही. ती शिकून आधी नामदेवांचे एखादे पद मूळ लिपीत वाचावे आणि मग या कलाकृतींकडे वळावे, असे मी सुचवेन.