बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर हिपॅटायटिस बीची गोळी बंद करावी का?

तुम्ही विचारलंय, बाबांच्या ट्रान्सप्लांटला सहा महिने झाले, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा चालू संसर्ग दाखवणारी तपासणी) पहिल्यापासून निगेटिव्ह, फक्त अँटी-एचबीसी (कधीतरी लागण होऊन गेल्याची खूण) पॉझिटिव्ह, मग एन्टेकॅव्हिर, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी गोळी, बंद केली तर चालेल का. नाही चालणार. माझ्या धाकट्या भावाचा रिपोर्ट अगदी हाच होता.

त्याला मॅरो मी दिला. मुंबईहून तो अंबाजोगाईला घरी आला आणि थोरल्या दाजींनी गोळ्यांचा ताबा घेतला. "रिपोर्ट निगेटिव्ह असताना ही गोळी कशाला? अशानं लिव्हर जाईल." मी भांडले, पण मी सासरी गेल्यावर त्यांनी ती पट्टी बाजूला काढलीच. पुढे भावाचे डोळे पिवळे पडले, तर दवाखान्याआधी काविळीची माळ आणली. माळ रोज थोडी खाली येई, छातीवरून पोटापर्यंत आली, अन् सगळे म्हणत कावीळ उतरतेय. गाठींतल्या काड्या वाळून बारीक होतात, दोरा सैल पडतो, म्हणून ती लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल.

मुंबईत डॉक्टरांना आधी जीव्हीएचडीची शंका आली, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या लिव्हरवर उठल्या की काय. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याच पेशी उलटल्या त्याच्यावर." एचबीव्ही डीएनएचा, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू किती आहे ते मोजणारा, रिपोर्ट येईपर्यंत मी ते ऐकून घेतलं. रिपोर्टात विषाणू कोटींच्या घरात होता. जीव्हीएचडी समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड वाढवलं असतं तर विषाणूला रानच मोकळं झालं असतं. एन्टेकॅव्हिर पुन्हा सुरू केली, भाऊ वाचला.

जुना हिपॅटायटिस बी बरा झाला तरी विषाणूचा डीएनए लिव्हरच्या पेशींत दबून राहतो. त्याला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्तीच ट्रान्सप्लांटमध्ये पुसली जाते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबल्यावरही गोळी किमान १२ महिने चालू ठेवतात, बरेच डॉक्टर १८ सांगतात. गोळी थांबली तरी पुढं वर्षभर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि विषाणूचा डीएनए तपासत राहायचं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाची चौकशी करा, तो २०१८ पासून आहे.

किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, आणि बाबांना स्वतःच्याच पेशी दिल्यात की दुसऱ्याच्या यावरही मुदत ठरते, तेव्हा नेमकी तारीख तुमच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडूनच घ्या. घरातलं कुणी कितीही वडीलधारं असो, गोळ्यांचा डबा त्याच्या हातात देऊ नका. आमचे दाजी आजही गावात सांगतात की माळेनं गुण आला. डीएनएचा तो रिपोर्ट मी जपून ठेवलाय, त्यांनी अजून एकदाही वाचलेला नाही.